जी-एल, एस-एन, टी-डब्ल्यू : आरंभीची अक्षरे सारखी म्हणून अर्थही सारखा असतो का?

प्रश्न : गंगापूर रोडची पालक

नमस्कार. माझी मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजी वर्गात शिकते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी ती ज्या खाजगी शिकवणीला जाते, तेथून दर शनिवारी चाळीस इंग्रजी शब्दांची यादी मिळते आणि सोमवारी ती स्पेलिंग व अर्थासह तोंडपाठ म्हणून दाखवावी लागते. या यादीची मांडणी विषयवार नसते. आरंभीची दोन अक्षरे ज्यांत समान आहेत असे शब्द एकत्र दिलेले असतात. एका आठवड्याला जी-एल, पुढच्या आठवड्याला एस-एन, असे चालले आहे.

जी-एलच्या आठवड्यात मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याजवळ उभी राहून मोठ्याने पाठ करत होती. ग्लिटर म्हणजे चकाकणे, ग्लीम म्हणजे मंद चमकणे, ग्लो म्हणजे तेजाळणे, असे चार-पाच शब्द झाल्यावर ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, हे सगळे शब्द चमकतातच कसे काय?" मी लाटणे ठेवून यादी हातात घेतली. खरोखरच ग्लिसन, ग्लिंट, ग्लिमर, ग्लेअर, ग्लॉस, ग्लेझ या सर्वांत उजेड किंवा चकाकी आहे. ग्लान्स आणि ग्लिम्प्स हे दोन शब्द उजेडाचे नसले, तरी पाहण्याचे आहेत. परंतु त्याच यादीत ग्लव्ह म्हणजे हातमोजा, ग्लू म्हणजे चिकटवण्याचा डिंक आणि ग्लूम म्हणजे चक्क काळोख, हेही शब्द होते, त्यामुळे आमचा उत्साह तेथेच थंडावला. पुढच्या आठवड्यात एस-एनची यादी आली आणि पुन्हा तोच प्रकार झाला. स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नाउट म्हणजे जनावराचे नाकाड. अर्धी यादी नाकाशी जोडलेली आणि उरलेल्या यादीत साप, गोगलगाय आणि बर्फ.

मुलीने शिकवणीत विचारले, तेव्हा "असे काही नसते, पाठ करा" एवढेच उत्तर मिळाले. मी स्वतः निफाड तालुक्यात मराठी शाळेत शिकले आणि इंग्रजीशी माझी गाठ पाचवीत पडली, त्यामुळे तिचे समाधान करण्याइतके माझे ज्ञान नाही. हा निव्वळ योगायोग समजावा का? योगायोग नसेल, तर अपरिचित शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून त्याच्या अर्थाचा अंदाज बांधण्याची सवय मुलांना लावणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त इंग्रजी शिक्षक, नाशिकरोड

ताई, आपल्या मुलीने जे हेरले तो योगायोग नाही आणि नियमही नाही. या दोहोंच्या मधली ही गोष्ट आहे, आणि तिला भाषाशास्त्रात स्वतंत्र नावही आहे. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1930 साली अशा ध्वनिगटांसाठी 'फोनेस्थीम' ही संज्ञा वापरली. मराठीत आपण त्याला अर्थसूचक ध्वनिगट म्हणू. हे फर्थ त्यापूर्वी काही वर्षे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. परंतु ही जाणीव त्यांच्याही आधीची आहे. 1653 साली जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले आणि त्यात कोणत्या आरंभीच्या व्यंजनांतून कोणता भाव सूचित होतो याची उदाहरणे दिली. डब्ल्यू-आरने सुरू होणाऱ्या शब्दांत वाकडेपणा वा पीळ असतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. गणितात अनंतासाठी आडव्या आठासारखे जे चिन्ह वापरतात, ते रूढ करणारे वॉलिस हेच.

आता जी-एलकडे वळू. या यादीतील बऱ्याच शब्दांच्या मुळाशी एक फार जुना धातू मानला जातो, त्याचा अर्थ प्रकाशणे किंवा पिवळसर झळकणे असा होता. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लास हे त्याचे वंशज समजले जातात. ग्लॅड म्हणजे आनंदी, हा शब्द आपल्या यादीत चमकणाऱ्यांत धरला गेला नसेल, पण जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ तेजस्वी असाच होता. आपण चेहरा उजळला म्हणतो त्यासारखेच हे आहे. गंमत अशी, की याच धातूपासून आरंभी जी-एल नसलेले गोल्ड म्हणजे सोने आणि यलो म्हणजे पिवळा हे शब्दही आले, आणि संस्कृतात हिरण्य व हरि हे त्याच कुळातले आहेत. हरि म्हणजे पिवळसर, त्यावरून हरिद्रा, आणि हरिद्रेवरून आपली हळद. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आणि मुलीच्या हातातली यादी यांचे नाते आपण समजता त्यापेक्षा जवळचे आहे.

मात्र सर्व चमकणारे शब्द सख्खे नाहीत, हा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ग्लान्स हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ घसरत जाणे, चाटून जाणे असा होता. तलवारीचा वार ढालीवरून निसटतो तसा. पुढे नजरही वरवर घसरत जाते म्हणून तो शब्द पाहण्याच्या अर्थाने स्थिरावला, आणि ग्लिम्प्स, ग्लेअर यांच्या शेजारी राहून तो त्यांच्यापैकीच एक भासू लागला. ग्लॅमरची कथा तर याहून चमत्कारिक आहे. तो शब्द ग्रामर या शब्दाचे स्कॉटिश रूप आहे. व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे सामान्यांना न कळणारे गूढ काहीतरी, आणि गूढ म्हणजे जादूटोणा, अशा पायऱ्या उतरत ग्लॅमरला प्रथम मोहिनी आणि नंतर झगमगाट हा अर्थ चिकटला. चाळीस वर्षे व्याकरण शिकवून माझ्या वाट्याला त्यातला झगमगाट कधी आला नाही, ही गोष्ट वेगळी.

अपवादांचेही ऐकण्यासारखे आहे. ग्लव्हमधील जी हा मुळात एक उपसर्ग आणि एल हा तळहात या अर्थाच्या शब्दाचा आरंभ असावा, असे मानतात. म्हणजे तेथे ही दोन अक्षरे अपघातानेच शेजारी आली. ग्लू लॅटिनमधून आला. ग्लूम मात्र वाटतो तितका परका नाही, कारण त्याचा जुना अर्थ काळोख नसून कपाळाला आठ्या घालून, उदास मुद्रेने पाहणे असा होता.

बेंजामिन बर्गन या अमेरिकन संशोधकाने 2004 साली या विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. ग्लिटर हा शब्द दाखवून लगेच ग्लो दाखवला, तर वाचणाऱ्याला दुसरा शब्द ओळखायला कमी वेळ लागतो. केवळ अर्थ जुळणाऱ्या किंवा केवळ अक्षरे जुळणाऱ्या जोड्यांत इतका फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. यावरून हा गट इंग्रजी भाषकांच्या मनात खरोखर वसतो, असे म्हणता येते. परंतु त्यांच्याच मोजणीत जी-एलने सुरू होणाऱ्या शब्दांपैकी प्रकाशाशी वा दृष्टीशी जोडलेले शब्द सुमारे 39 टक्के होते. म्हणजे अक्षरांवरून डोळे मिटून अंदाज बांधला, तर तो चुकण्याचीच शक्यता अधिक. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे आहे, की शब्द लक्षात ठेवण्यासाठी या गटांचा उपयोग जरूर करावा, अर्थ ओळखण्यासाठी मात्र वाक्याचाच आधार घ्यावा.

मराठीत हे नाही असे समजू नये. झगमग, झळाळी, झळकणे, झिलई, झगझगीत यांत झ चमकतो. झेप, झडप, झपाटा, झटकन, झरझर यांत तोच झ वेगाने धावतो. आणि झाड, झोळी, झोपडी यांत तो स्वस्थ बसलेला असतो. मुलीला ही तीन गटांची यादी स्वतः करू द्या, म्हणजे इंग्रजीचे कोडे तिला आपोआप समजेल.

उत्तर २ : पंचवटीकर

सरांनी जी-एलचा विषय इतका सविस्तर मांडला आहे, की त्यात भर घालण्यासारखे काही उरले नाही. परंतु नाकाचा विषय नाशिककराने सोडणे शोभणार नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते पंचवटीत, आणि नासिकेवरून नाशिक, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. नऊ टेकड्यांवर वसले म्हणून नाशिक, असेही सांगणारे आहेत. यांपैकी खरे काय हा वाद मी येथे काढत नाही, मात्र हे नाव फार जुने आहे. पांडवलेण्यांतील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील प्राकृत लेखात नाशिककरांनी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे.

नासा, नासिका आणि इंग्रजी नोझ हे शब्द एकाच मुळाचे आहेत, यात शंका नाही. म्हणून एस-एनचे शब्दही त्याच मुळातून आले असतील असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे सिद्ध झालेले नाही. उलट स्नीझची कहाणी पाहिली, तर हे शब्द एकमेकांना कसे ओढून घेतात ते दिसते. जुन्या इंग्रजीत शिंकण्याचा शब्द एफ-एनने सुरू होत असे. पुढे एफ-एनने सुरू होणारे शब्द इंग्रजीतून नाहीसे झाले. त्या काळी एस हे अक्षर लांब काढत आणि ते एफसारखेच दिसे, त्यामुळे वाचण्यातही गोंधळ झाला असावा. परंतु नाकाचे इतर शब्द एस-एनचे असल्यामुळे शिंकही त्यांच्या रांगेत जाऊन बसली, असे अभ्यासक मानतात. स्नॉर्कल म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याची नळी, हा शब्द तर विसाव्या शतकात जर्मन पाणबुड्यांच्या हवा घेण्याच्या नळीवरून आला, आणि जर्मनमध्येही त्याचे नाते नाकाडाशी आणि घोरण्याशीच आहे.

मला यातला सर्वांत रंजक भाग तिरस्काराचा वाटतो. स्निअर म्हणजे कुत्सित हसणे, स्नूटी म्हणजे शिष्ट, स्नॉब म्हणजे स्वतःला उच्चभ्रू समजणारा. आपण नाक मुरडतो, नाक वर करून चालतो, नाकाने कांदे सोलतो. इंग्रजांचा शिष्टपणाही नाकातच आहे. स्नूटी हा शब्द स्नाउटवरूनच झाला, मात्र स्नॉब हा मुळात चांभारासाठी वापरला जाणारा साधा बोलीतला शब्द होता. नाकाच्या शब्दांत उठबस झाल्यामुळे त्याचे नाक वर गेले की काय, हे सरांनी सांगावे.

साप आणि गोगलगाय हे दोघे मात्र नाकामुळे नव्हे, तर सरपटण्यामुळे यादीत आले आहेत. स्नेक आणि स्नेल या दोन्ही शब्दांच्या मुळाशी सरपटणे हाच अर्थ आहे. म्हणजे सरांच्या झप्रमाणे एस-एनचीही दोन घराणी झाली.

जाता जाता एक शंका विचारतो. शिंक, शिंकरणे, शेंबूड असे आपलेही नाकाचे शब्द शने सुरू होतात; हाही तसाच गट मानावा का? की शेंग, शिंग आणि शिंपला आठवून गप्प बसावे?

उत्तर ३ : संस्कृतची विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

पंचवटीकर दादा, तीन शब्दांवरून गट मानू नये, असे मला वाटते. शेंगेचे स्मरण आपल्याला अगदी वेळेवर झाले.

वरील दोन्ही उत्तरांत ध्वनी आणि अर्थ यांच्या सोयरिकीबद्दल लिहिले गेले आहे. आरंभीची अक्षरे सारखी असण्याचे दुसरे कारण रक्ताचे नाते हे असते, आणि त्यासाठी टी-डब्ल्यूचे शब्द घ्यावेत, असे मी सुचवीन. ट्विन म्हणजे जुळे, ट्वाइस म्हणजे दोनदा, ट्वेल्व्ह, ट्वेन्टी, बिट्वीन म्हणजे दोहोंच्या मध्ये, ट्विस्ट आणि ट्वाइन यांत दोन पदर एकमेकांत पिळणे, ट्विल म्हणजे दोन धाग्यांच्या विणीचे कापड, ट्वायलाइट म्हणजे दिवस आणि रात्र यांमधला संधिप्रकाश, आणि बहुधा दुबेळके असते म्हणून ट्विग म्हणजे डहाळी. या सर्वांत दोन आहेत. ट्वेल्व्हचा मूळ अर्थ तर दहा मोजून झाल्यावर उरलेले दोन असा आहे, आणि इलेव्हनचा उरलेला एक असा.

शाळेत मुलांना टू या शब्दातला डब्ल्यू मुका आहे एवढेच सांगतात आणि तो का आहे हे कोणी सांगत नाही. तो पूर्वी उच्चारला जात होता. डब्ल्यूच्या उच्चारात ओठांचा चंबू होतो. त्यापुढे ओ किंवा ऊ यांसारखा, ओठ गोल करूनच उच्चारायचा स्वर आला, की तो त्यात विरून जातो. टूमध्ये तसे झाले. ट्विन, ट्वेल्व्ह यांत पुढचा स्वर वेगळा असल्यामुळे तो टिकला. आता हेच आपल्याकडे पाहा. संस्कृत द्वि, द्वा यांतील द् आणि व् हे दोघेही मराठीत एकत्र राहिले नाहीत. दोनमध्ये द राहिला आणि व गेला. द्वादशवरून आलेल्या बारामध्ये, तसेच बावीस, बत्तीस, बेचाळीस यांमध्ये द गेला आणि वचा ब होऊन राहिला. इंग्रजीने टूमध्ये डब्ल्यू निदान लिहिण्यापुरता जपला आहे. आपण दोन आणि बारा यांचे नाते दिसेल अशी एकही खूण ठेवली नाही, तरीही दहा आणि दोन मिळून बारा हे आपले मूल न अडखळता म्हणते.

मूळच्या दचा इंग्रजीत ट होतो, हा याकोब ग्रिम यांनी 1822 साली मांडलेल्या ध्वनिनियमाचा एक भाग आहे. दश आणि टेन, दन्त आणि टूथ, द्वि आणि टू, अशी ओळ लावून दाखवली, की मुलांना तो लगेच पटतो. त्याच नियमाने मूळच्या गचा इंग्रजीत क झाला, आणि संस्कृतात त्या गचा पुष्कळ ठिकाणी ज झाला. म्हणून के-एनच्या यादीत नी म्हणजे गुडघा आणि संस्कृत जानु, ज्यावरून आपण आजानुबाहू म्हणतो, ही एक जोडी मिळते. आणि नो म्हणजे जाणणे व संस्कृत ज्ञा ही दुसरी. यांतला के सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उच्चारला जात असे आणि जर्मन लोक आजही गुडघ्याला क्नी असे स्पष्ट म्हणतात. आपल्याकडे ज्ञ या जोडाक्षराचा मूळ उच्चार हरवून मराठीत द्न्य झाला, हिंदीत ग्य झाला; तेव्हा इंग्रजांच्या मुक्या केला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. मात्र गुडघा आणि जाणणे यांचा परस्परांशी संबंध नाही, ही दोन वेगळी मुळे आहेत, हे मुलीला जरूर सांगावे. के-एनमध्ये आणखी एक तिसरा गट आहे: नॉट म्हणजे गाठ, नॉब म्हणजे मूठ किंवा गोळा, नकल म्हणजे बोटाचे पेर, नोल म्हणजे उंचवटा, नीड म्हणजे कणीक मळून गोळा करणे. यांत सर्वत्र काहीतरी गोळीव, फुगीर आहे.

डब्ल्यू-आरबद्दल वॉलिस यांचे निरीक्षण सरांनी सांगितलेच आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. रिस्ट म्हणजे वळणारे मनगट, रिंग म्हणजे पिळणे, रिंकल म्हणजे सुरकुती, रीथ म्हणजे गुंफलेले पुष्पचक्र, रेंच म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्याला पाना म्हणतात तो. आणि राँग म्हणजे चूक, ज्याचा मूळ अर्थ वाकडे. संस्कृत वृत्, वर्तुळ, आवर्त हे याच वळण्याच्या कुळाशी जोडले जातात. राइट म्हणजे लिहिणे हा शब्द मात्र या कुळातला नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा होता. माझ्या भाच्याचे अक्षर पाहिले, की तो अर्थ आजही पूर्णपणे लागू पडतो.

उत्तर ४ : सिडकोतील पालक

चर्चा उत्तम आहे, परंतु एक व्यावहारिक अडचण मांडतो. परीक्षेत शब्दाचा अर्थ विचारतात, कुळ विचारत नाहीत. माझा मुलगाही आठवीत आहे. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी यांतून त्याला इंग्रजीसाठी दिवसाला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात हळदीपासून पाणबुडीपर्यंत जायचे म्हटले, तर चाळीस शब्दांपैकी दहाही होणार नाहीत. शिवाय सर म्हणतात की अक्षरांवरून अर्थ ओळखू नये. मग एवढ्या खटाटोपाचा परीक्षेला उपयोग काय?

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सिडकोतील दादांचा मुद्दा मला मान्य आहे, कारण आमच्या घरीही वेळेचे हेच गणित आहे. तरीही काल रात्री मी मुलीला टी-डब्ल्यूचे शब्द ताईंनी सांगितल्याप्रमाणे एकत्र सांगितले, तेव्हा तिने दहा शब्द जेवता जेवताच पाठ केले आणि नंतर स्वतःच विचारले, की ट्वीझर्स म्हणजे चिमटा यालाही दोन पाय असतात, तर तोही याच कुळातला ना? मी हो म्हणून टाकले. बरोबर केले का?

तिचा दुसरा प्रश्न शेवटच्या अक्षरांबद्दल आहे. कुड, वुड आणि शुड या तिन्ही शब्दांत न उच्चारला जाणारा एल आहे. वुड हे विलचे आणि शुड हे शॅलचे रूप, तेथे मुळातच एल आहे. कुड तर कॅनचे रूप आहे, मग त्यात एल कुठून आला, असे तिचे म्हणणे आहे.

उत्तर ५ : निवृत्त इंग्रजी शिक्षक, नाशिकरोड

ताई, चिमट्याने आपल्याला फसवले. ट्वीझर्स हा शब्द लहानसहान हत्यारे ठेवण्याच्या पेटीच्या फ्रेंच नावावरून आला. त्या नावाच्या आरंभीचा ए गळाला, पेटीचे नाव आतल्या हत्याराला मिळाले आणि कात्रीच्या इंग्रजी नावाप्रमाणे त्यालाही अनेकवचनी शेपूट जोडले गेले. मूळ फ्रेंच शब्दात दोन कोठेही नाहीत. मुलीचा तर्क मात्र अगदी नीट होता आणि तो चुकला यात तिचा दोष नाही, हे तिला आवर्जून सांगा.

कुडविषयीची तिची शंका शंभर टक्के योग्य आहे. त्या शब्दाला एलवर कसलाही हक्क नाही. वुड आणि शुड यांच्या जोडीने तो सतत वापरला जाई, म्हणून त्यांच्या लिखाणाचे पाहून पंधराव्या-सोळाव्या शतकात लोकांनी त्यातही एल घातला. सहावीतला एखादा मुलगा शेजाऱ्याचे पाहून चूक उतरवतो, तशी ही चूक उतरवली गेली आणि पुढे तीच शुद्ध ठरली. डेटमधला बी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी पंडितांनी मागाहून खोचला, आणि आयलंडमधला एस तर संबंध नसलेल्या आइल या शब्दाकडे पाहून आला.

सिडकोतील पालकांना एवढेच सांगतो, की मी वर्गात यासाठी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कधी दिला नाही. पाठकोऱ्या वहीचे एक पान घ्यायचे, त्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करायचे, आणि यादीतील शब्द अर्थानुसार पहिल्या दोहोंत वाटून जे कोठेच बसत नाहीत ते तिसऱ्यात टाकायचे. व्युत्पत्ती सांगायची गरज नाही. वाटणी करताना प्रत्येक शब्दाच्या अर्थाचा विचार करावाच लागतो, आणि माझ्या अनुभवात मुलांना तिसऱ्या रकान्यातले शब्द सर्वांत पक्के लक्षात राहिले, कारण ते कोठे ठेवायचे यावर त्यांचे भांडण झालेले असे.

प्रश्नकर्ती

या शनिवारी एस-डब्ल्यूची यादी आली. सरांनी सांगितल्याप्रमाणे रकाने केले. स्विंग, स्वे, स्वीप, स्वर्ल, स्विश हे झुलणारे आणि फिरणारे शब्द तिने एकत्र ठेवले. पुढे ती स्वेट म्हणजे घाम येथे अडली. शाळेत तिला संस्कृत आहे, त्यामुळे तिला स्वेद आठवला. मग स्वीट आणि स्वाद. देवळालीच्या ताईंनी सांगावे, हे जुळते का? की पुन्हा चिमटाच?

उत्तर ६ : संस्कृतची विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

दोन्ही जुळते. स्वेट आणि स्वेद एका मुळाचे, स्वीट आणि स्वादु दुसऱ्या एका मुळाचे. शिवाय स्वॅन म्हणजे हंस हा शब्द संस्कृत स्वन म्हणजे ध्वनी याच्या कुळातला मानतात. येथे एस आणि डब्ल्यू यांना संस्कृतात स् आणि व् जसेच्या तसे भेटतात, कारण ग्रिम यांच्या नियमाने बदलणाऱ्या व्यंजनांत हे दोन्ही येत नाहीत. यादीत सोर्ड म्हणजे तलवार असेल, तर त्यातला डब्ल्यू मुका का, हे तिला न सांगता विचारून पाहा. कारण टूमध्ये होते तेच आहे.